टाकी ठीक आहे ना?

२ फेब्रुवारी, सोमवार
लेकीचा फोन आला! माशांच्या टाकीचं पाणी बदलताना तापमानाचा सेन्सर टॉवेलवर ठेवला आणि तिथेच विसरले — चांगला अर्धा तास. संध्याकाळी फोन. पहिलाच प्रश्न, "आई, टाकी ठीक आहे ना?" कंट्रोलरने चुगली केली असणार. परदेशी जाताना तिनेच तो बसवून दिला. म्हणाली होती, "पाणी गार झालं की माझ्या मोबाइलवर मेसेज येईल." वीस मिनिटं बोललो. सेन्सरचं मी काही बोलले नाही.

५ फेब्रुवारी
फोन नाही. जोकर मासे मला बघून काचेशी येतात. खायला मिळतं म्हणून येतात, ते काय मला कळत नाही?

९ फेब्रुवारी, सोमवार
आठवडा झाला. आज सेन्सर मुद्दाम बाहेर काढून ठेवला.
लिहितानाही लाज वाटतेय. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, पोरांना कानीकपाळी ओरडून सांगितलं — रीडिंग मनाने लिहायचं नाही. आणि आता हे.
संध्याकाळी फोन आला. "टाकी ठीक आहे ना?" ठीक आहे म्हटलं. मग ती तिच्या घरमालकिणीच्या नकला करत बसली. पोट दुखेपर्यंत हसले. फोन ठेवल्यावर घर फारच शांत वाटलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
पुन्हा तेच केलं, आणि खुर्चीतच डोळा लागला. सेन्सर बाहेरच्या गार हवेत — कंट्रोलरला वाटलं पाणीच गार. त्याने हीटर चालू ठेवला तो ठेवलाच. उठले तेव्हा पाणी एकतीसवर! पोपट पार मिटून गेलाय. पोपट म्हणजे तिचं हिरवं प्रवाळ. पहिल्या पगारातून आणलेलं, नावही तिचंच.
फोन आला. "पोपट कसा आहे?"
मजेत आहे म्हटलं.

१८ फेब्रुवारी
पोपट पांढरा पडत चाललाय. टाकीचे मासे विकणारा दुकानदार येऊन बघून गेला. "काकू, आता हात लावू नका. जगला तर जगला."
कंपनीचा कंट्रोलर म्हणजे सीलबंद डबा. हीटरला न छेडता नुसता मेसेज पाठव, असं त्याला सांगायची सोयच नाही. ओपन सोर्स कंट्रोलरचं तसं नाही. प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला, हवी ती ओळ बदला. स्वतःच बनवते. सुटे भाग मागवले.

२१ फेब्रुवारी
सोल्डरिंग अजून जमतंय. भिंग लागतं, पण जमतंय. हा प्रोग्राम वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर एकाने विचारलं, "ताई, बिघाड नसताना मेसेज कशाला हवा?" चाचणीसाठी, असं ठोकून दिलं. बिचाऱ्याने लगेच ओळ लिहून दिली, वर "अडलं तर विचारा" म्हणाला. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार
कंट्रोलर बसवला. पाणी सव्वीसवर स्थिर. बाजूला लाल बटण — दाबलं की लेकीला मेसेज, "पाणी गार झालंय". टाकीला काही धक्का नाही. उद्या दाबेन.

२४ फेब्रुवारी
आधी कंपनीकडचं खातं बंद करावं म्हणून फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, त्या मॉडेलचे मेसेज आम्ही डिसेंबरातच बंद केलेत. खात्यावरच्या दोन्ही पत्त्यांवर ईमेल पाठवलं होतं."
माझं मी जाहिरात समजून न वाचताच पुसलं असणार. दुसरा पत्ता लेकीचा. म्हणजे सेन्सरमुळे तिचा एकही फोन आला नव्हता.
आठवडा उलटला की मला राहवत नव्हतं. तिलाही राहवत नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.
बटणाची वायर काढून टाकली. आज फोन मीच लावला. आधी पोपटाचं सांगितलं.