पाय चेपताना

आत्याबाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी माझा राग अजून धडधाकट आहे. तो तुमच्यापर्यंत पोचावा म्हणून लिहायला बसले.

हैदराबाद खालसा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. तुमचा मुलगा पूर्णेला रेल्वेत, महिन्यातून एकदा घरी येणारा. घरात तुम्ही आणि तुमची सून, म्हणजे मी. मला आठवा लागलेला. सकाळी दोन्ही हात बधिर असायचे, भाकरी थापताना बोटांखाली पीठ आहे की नाही ते कळायचं नाही. बरगडीखाली कुणी आतून कोपर रोवून बसल्यासारखं वाटायचं. आणि दुपारची जेवणं झाली की तुमचे पाय चेपायचे. एकदा चेपता चेपताच पोटरीत असा गोळा आला, की तुमचा पाय सोडून मी माझीच पोटरी धरली. डोळेही न उघडता तुम्ही म्हणालात, "आमाला काय लेकरं झाली न्हाईत? नखरे करायलीस."

त्याच आठवड्यात माझे वडील सोनपेठहून बैलगाडी घेऊन मला बाळंतपणाला न्यायला आले. मी बोचकं बांधून दारात उभी आहे. तुम्ही त्यांना चहा देता आणि गोड आवाजात सांगता, "पोरीला तुमच्या कायी होत न्हाई, पावणं. ढोंग लय हाय. इथंच करते मी समदं." वडील माझ्या सुजलेल्या पायांकडे बघतात आणि तरीही म्हणतात, "विहीणबाई म्हणत्यात तसं ऱ्हा, बाई." रिकामी गाडी हाकून ते गेले. बाळंतपण नीट पार पडलं, म्हणजे तुमचंच खरं ठरलं. माझं दुखणं खोटं नव्हतं, हे जन्मदात्या बापालाही मला कधी पटवता आलं नाही.

तेव्हा झालेल्या त्या मुलाच्या बायकोला आता आठवा आहे. तिने नुसतं "पाय" म्हटलं की मी तिला तुमच्या फोटोसमोरच्या खुर्चीत बसवते. खुर्ची मुद्दामच तिथे ठेवली आहे. करडीचं तेल कोमट करते, खाली बसून तिचे पाय मांडीवर घेते आणि चेपते. बघा म्हणावं, सासू सुनेचे पाय चेपते आहे. पोर आधी फार संकोचायची. काल मात्र तिचे डोळे भरून आले. "आत्या, इतकी माया तर माझ्या मायनं बी केली न्हाई," म्हणाली.

हे पत्र आता चुलीत घालते. तिच्या पायांवर हात फिरत असताना मी सारा वेळ तुमच्याकडेच बघत असते, हे तिला कळायला नको.