पिवळ्या गोलातला आकडा

तात्या, पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या हातात ब्रश दिलाच नाहीत, याचा मला काय राग आला होता! आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आयटीआयचा दाखला घेऊन मी लष्कराच्या कॅम्पातल्या त्या दुरुस्तीच्या कारखान्यात टेम्पररी पेंटर म्हणून लागले होते. रंगखात्यात सगळे पुरुष, बाई मी एकटीच. "रांगोळी काढायला आलीस का गं?" असं एकानं विचारलं आणि सगळे खिदळले. तुम्ही आमचे हेडपेंटर, पण हसला नाहीत. "रांगोळी काढणारीचा हात कापत नाय. तुझा कापतो," असं त्याला सुनावलंत आणि मला रांगेत उभ्या असलेल्या रणगाड्यांकडे घेऊन गेलात.

"आधी वाचायचं, मग रंगवायचं," तुम्ही म्हणताय, आणि मी उन्हात डोळे बारीक करून बघतेय. नंबराच्या सुरुवातीला वर टोक केलेला बाण, म्हणजे गाडी लष्कराची. बाणापुढचे दोन आकडे म्हणजे साल. पुढच्या पत्र्यावर कसलंसं चित्र, गाडी कुठल्या डिव्हिजनची ते सांगणारं. आणि एका बाजूला पिवळा गोल, त्यात काळा आकडा. "ह्यो गाडीच्या वजनाचा, पुलासाठी. पुलाच्या तोंडाशी पाटी असती, तिच्यावर बी आकडा असतो. गाडीचा आकडा पाटीच्या वर गेला तर गाडी पुलावर घालायची नाय. बाकी समदं चुकलं तर साहेब ओरडंल. हे चुकलं तर माणसं नदीत." तुम्ही सायखेड्याचे, गोदेचा पूर बघितलेले. नदी म्हणताना तुमचा आवाज बदलायचा.

आणि मी नेमकी तिथेच माती खाल्ली. कायम व्हायला दोन महिने उरले होते. घरी लग्नाचं घाटत होतं. नोकरी कायम झाली तर माझं मला ठरवता येणार होतं, म्हणून मी दिवस मोजत होते. रंगवायचे आकडे तुम्ही चिठ्ठीवर पेन्सिलीनं मराठीत लिहून द्यायचात. त्या दिवशी चिठ्ठीवर ५० होतं. तुमचा पाच इंग्रजी चारासारखा यायचा आणि मी सकाळपासून इंग्रजी आकडेच रंगवत होते. पिवळ्या गोलात मी सुबक, ठसठशीत चाळीस काढला.

तिसऱ्या दिवशी गाडी गेटातून निघाली आणि तिच्या गोलातला आकडा दिसताच तुम्ही हातातला चहा टाकून पुढे धावलात, दोन्ही हात पसरून. "थांबवा! अरे, थांबवा तिला!" साहेब आले. चूक कोणाची, विचारलं. मला वाटलं, तुम्ही पांघरूण घालाल. कसलं काय! "हिची," तुम्ही म्हणालात, "आणि माझ्या अक्षराची." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळ्यांसमोर मी तो आकडा पुसला आणि नवा काढला. वरून सरदारजी ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "बहनजी, इसमें हम चार जने बैठते हैं." तेव्हा मात्र मी रडले.

साहेब मला काढायलाच निघाले होते. तुम्ही म्हणालात, "साहेब, हिला काढली तर नवीन माणूस येईल आन् हीच चूक करील. ही आता मेली तरी नाय करणार." मी कायम झाले. लग्नही केलं, माझ्या वेळेला आणि माझ्या पसंतीनं. पुढे तुमच्याच जागेवर हेडपेंटर झाले. निवृत्तीनंतर इथे इंदिरानगरात मुलींना पाट्या रंगवायला शिकवते. चार जणींनी तर सिडकोत स्वतःचं दुकान टाकलंय, तात्या! त्यांना पहिल्या दिवशी एकच सांगते, शंका आली की विचारायचं, लोक हसले तर हसू देत.

तुम्ही तर आता नाही, म्हणून हे पत्र सायखेड्याला तुमच्या लेकीकडे द्यायचं मनात होतं. नाही देणार. मागच्या महिन्यात भेटली तेव्हा कौतुकानं सांगत होती, "आमच्या तात्यांनी पन्नाशी उलटल्यावर इंग्रजी आकडे गिरवले. माझीच पाटी घ्यायचे." हो, त्या चुकीनंतर तुम्ही चिठ्ठीवर मराठी आकडा कधी लिहिला नाहीत. तुमचे ते वाकडेतिकडे फाइव्ह बघून बाकीचे चेष्टा करायचे आणि मी मान खाली घालून रंग ढवळत राहायचे. कारण तात्या, दोष तुमच्या अक्षराचा नव्हताच. शेजारी अगदी तशीच दुसरी गाडी उभी होती, तिच्या गोलात पन्नास होता. तो मी बघितला होता. तुम्ही दहा पावलांवर होतात. विचारलं तर सगळे हसतील, म्हणून मी विचारलं नाही.