खुब्याची करकर

अहो,

बसल्या जागेवरूनच नमस्कार. वाकायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे.

खुब्यात मागच्या ऑपरेशनात बसवलेला तो खराब सांधा काढून दुसरा घातला. झिजलेल्या धातूचा कीस आत साचला होता, म्हणून एवढा ठणका. मी नाटकं करत नव्हते. जाऊबाई, यांना पत्र वाचून दाखवताना हे वाक्य जरा मोठ्यानं वाचा.

जेवण जातं, झोपही लागते, बहुतेक. तुम्ही भिंत धरून चालता ना?

तुम्हाला दिसत नाही, तरी माझ्या खुब्याची करकर ऐकून ‘आलीस?’ म्हणायचात. ती करकर आता गेली. पाय जरासा आखूड झालाय. वॉकर कायमचा लागेल म्हणतात.

तेव्हा दारात वॉकरची टकटक ऐकू आली, तर ‘कोण?’ म्हणू नका. ‘आलीस?’ म्हणा.

तुमचीच