हलका पिंजरा

दादा,

तू उठायच्या आत मी मावशीकडे निघालेय. चहा थर्मासमध्ये आहे.

खेकड्यांचे ते लोखंडी पिंजरे मी भंगारात देऊन टाकले. ओरडू नकोस. ते मोठ्या होडीचे होते, आपल्या कयाकला पेलणारे नव्हतेच. त्यातलाच एक वर ओढताना कयाक कलंडली आणि वहिनी गेली. तसलं वजन मला पुन्हा घरात नको.

आज जाणारच असशील, तर दाराशी ठेवलेला जाळीचा घडीचा पिंजरा ने. वाहून जाऊ नये म्हणून त्याच्या तळाला शिशाचे तुकडे बांधलेत. जादा दोरी पायात अडकते, म्हणून ती कापून आखूड केलीय. तेव्हा खोल पाण्यात जाऊ नकोस. कयाकला सुरगाठच मार. ओढ बसली तर सोडून दे, पिंजरा गेला तरी चालेल.

आणि लाइफ जॅकेट घाल. वहिनीनं उकडतंय म्हणून काढलं होतं. तू तिला अडवलं नाहीस, हे मी तुला कधी ऐकवलं नाही, ऐकवणारही नाही.

मी रागावून जात नाहीये. तुला समुद्रात उतरताना बघणं मला आता झेपत नाही, एवढंच. खेकडे मिळोत न मिळोत, किनाऱ्याला लागलास की ओल्या अंगानंच फोन कर.

छोटी