ऐकतोय, बोला

२ मार्च, रविवार

पोचलो एकदाचा सिंगापूरला. पुंगोलला अकराव्या मजल्यावरची खोली मिळाली आहे. खिडकीतून पाणी दिसतं, आणि खालून ती छोटी एलआरटी ट्रेन खेळण्यासारखी वळत जाते. घरमालक सुबोध दामले पुण्याचे, बँकेत आहेत, आता इथलेच झालेत. बायको क्षिप्रा, मुलगी ऋता. ऋताला मराठीत शाळेचं विचारलं तर इथल्या ढंगात म्हणाली, ओके लाह. सगळे हसलो. क्षिप्रावहिनींनी वरणभात वाढला.

काम उद्यापासून. बांधकामांच्या ठिकाणी खड्ड्यातलं पाणी उपसणारे पंप असतात, ते बघत फिरायचं. इंजिनिअर मीच, ड्रायव्हरही मीच. कंपनीने एक छोटा ट्रक दिलाय. इथे लॉरी म्हणतात. बायकोला, राणीला, फोटो पाठवला. तिनं लिहिलं, वा, नागपुरात स्कूटर धड चालवत नव्हतास. ती एप्रिलमध्ये येणार, चौदा एप्रिल आपण इथे साजरी करू म्हणते. तोवर रोज डायरी लिहायची असं तिनं बजावलंय, कारण फोनवर मी हो, नाही, ठीक, यापलीकडे जात नाही.

८ मार्च, शनिवार

आठवडाभर माणसांशी बोललोच नाही असं आज लक्षात आलं. साइटवर जो तो आपल्या कामात. दुपारचं जेवण लॉरीतच. दामल्यांच्या घरी त्यांचं त्यांचं चाललेलं असतं, मधेच जाऊन बसायला संकोच वाटतो.

कॉलेजात वायरलेसचा नाद होता. म्हणून वापरलेल्या वस्तूंच्या अ‍ॅपवर शोधलं, तर एक जुना सीबी रेडिओ दिसला. ट्रकवाले एकमेकांशी बोलायला लावतात तो. यिशुनला जाऊन घेऊन आलो. विकणारे लिम अंकल, सत्तरीचे असतील, इमारतीखालच्या दगडी टेबलाशी वाट बघत होते. बोलता येत नाही त्यांना. फोनवर टाइप करून दाखवतात. घशाचं ऑपरेशन झालं असावं, विचारणं बरं दिसेना. सेट चांगला आहे का, एवढं विचारलं. त्यांनी टाइप केलं, फार चांगला आहे. पिशवी हातात दिली आणि मी वळेपर्यंत लिफ्टमध्ये शिरलेसुद्धा.

९ मार्च, रविवार

सुंदर दिवस गेला. मॅनेजरला आधीच विचारलं होतं, रेडिओच्या परवान्याची कागदं तो बघणार आहे. सकाळी कार पार्कमध्ये सेट बसवला. डॅशबोर्डखाली पट्टी ठोकली, वायर थेट बॅटरीपर्यंत नेली, मधे फ्यूज. अँटेनाला खाली चुंबक आहे, तो टपावर मधोमध चिकटवला आणि केबल दाराच्या रबरातून आत घेतली. मग मीटर लावून अँटेनाची लांबी जुळवत बसलो. जुळली नाही तर आपलाच आवाज बाहेर न जाता उलटा सेटमध्ये परततो आणि सेट जळतो. काटा हवा तिथे आला तेव्हा इतका आनंद झाला की एकटाच टाळी वाजवली.

एकेक चॅनल फिरवला. नुसती खरखर. इथे आता हे वापरतं कोण? तरी माइक तोंडाशी धरून हॅलो म्हटलं. बरं वाटलं.

१२ मार्च, बुधवार

उत्तर आलं!

दुपारी डबा खाताना गंमत म्हणून मराठीतच बोललो. म्हटलं, कोणी आहे का, भाजीत मीठ जास्त झालंय. खरखर थांबली आणि कोणीतरी म्हणालं, "ऐकतोय, बोला."

मराठीत! बारीक आवाज, भिंतीपलीकडून यावा तसा. म्हातारा की तरुण, काही कळेना. मी नाव विचारलं, गाव विचारलं. त्यानं उलट मलाच विचारलं, भाजी कोणती? मग आईच्या हातची आठवते का? मी सांगत सुटलो. आठवडाभराचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. शेवटी तो म्हणाला, जय भीम. मीही म्हटलं. गाडी चालवताना मात्र मनात आलं, मी तर त्याला माझं नावही सांगितलं नव्हतं, मग मला जय भीम म्हणायचं हे त्याला कळलं कसं?

१७ मार्च, सोमवार

रोज दुपारी बोलतो. तो स्वतःचं काही सांगत नाही, पण विचारतो फार छान. मग काय झालं? तेव्हा तुला कसं वाटलं? राणीची आणि माझी पहिली भेट, तिच्या आईचा नकार, मग होकार, सगळं सांगितलं. एवढं तर मी राणीशीही कधी बोललो नाही.

आज त्यानं विचारलं, "काय करून राहिला?" थेट आमच्या नागपूरसारखं. मन भरून आलं. त्याचा आवाजही आता बारीक राहिला नाही, चांगला भरलाय.

माझा घसा मात्र बसलाय. लॉरीतल्या एसीमुळे असेल.

२१ मार्च, शुक्रवार

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, चहावाल्या बाईंना तीनदा सांगितलं, त्यांना ऐकू गेलं नाही. मागच्या माणसाची ऑर्डर घेतली. संध्याकाळी दामल्यांना हाक मारली, ते पेपर वाचत राहिले. समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा दचकले. म्हणाले, अहो, बोलायचं तरी. मी बोलतच होतो.

राणीला फोन लावला. हॅलो, हॅलो करत राहिली आणि ठेवून दिला. लिटिल इंडियात डॉक्टरांना दाखवलं. घसा स्वच्छ आहे म्हणाले, सूजसुद्धा नाही.

रेडिओवर मात्र आवाज जातो. तिथे तो म्हणतो, अगदी स्पष्ट येतोय तुझा आवाज.

२५ मार्च, मंगळवार

राणीचा मेसेज आला. काल किती छान बोललास रे. लग्नाला दोन वर्षं झाली, एवढं कधी बोलला नव्हतास. माझ्या आईलाही फोन दिला, ती तर रडलीच.

काल मी फोन केलाच नाही. माझ्या घशातून आता हवासुद्धा वाजत नाही.

दुपारी सेट लावला. माइकसमोर नुसते ओठ हलवून विचारलं, तू कोण आहेस? थोडा वेळ खरखर. मग उत्तर आलं, माझ्याच आवाजात. शब्द ओढायची माझीच सवय, वाक्याच्या शेवटी खाली येणारा माझाच सूर.

"आता ती खूश आहे ना, मग कशाला विचारतो?"

वायर उपटली.

२९ मार्च, शनिवार

यिशुनला गेलो. लिम अंकल त्याच टेबलाशी बसले होते. मी फोनवर टाइप केलेलं त्यांच्यासमोर धरलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं, त्यांना सगळं माहीत आहे.

त्यांचं ऑपरेशन वगैरे काही झालेलं नाही. बायको गेल्यावर रात्रंदिवस घर खायला उठायचं, तेव्हा त्यांनी तो सेट घेतला होता. त्यावर जो बोलतो त्याचा आवाज जातो, एवढंच त्यांना माहीत. सेट बंद ठेवला, फोडायला काढला, काही उपयोग झाला नाही. त्यांचा आवाज मलाक्काला बहिणीला फोन करत राहिला. दोघा भावाबहिणींत वर्षानुवर्षं अबोला होता. आवाजानं तो मोडला. बहीण इतकी आनंदात होती की खरं सांगायचा त्यांना धीर झाला नाही.

मी विचारलं, मग विकलात का? त्यांनी बराच वेळ टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकवेना म्हणून. आणि खाली लिहिलं, तू सेट नेल्यापासून तिला फोन येत नाही. ती रोज मेसेज करून विचारते, दादा, मी काही चुकले का?

त्यांनी माझा हात धरून ठेवला. मला रागावताही येईना. शेजारी मुलं सायकली फिरवत होती.

२ एप्रिल, बुधवार

राणीला सगळं लिहून पाठवलं. लांबलचक मेसेज. उत्तर आलं, मघाशी फोनवर बोललास ते ऐकून जिवात जीव आला. असलं काही लिहून घाबरवत जाऊ नकोस.

मघाशी.

ऑफिसला घसा बसल्याचं कळवलंय. दिवसभर कोणाला माझी गरज पडत नाही. पंप चालतात. दामल्यांकडे मान हलवली की पुरतं. एखादा माणूस बोलायचा बंद झाला हे लक्षात यायला लोकांना किती दिवस लागतात — माझ्या बाबतीत अजून आलेलंच नाही.

६ एप्रिल, रविवार

व्हिडिओ कॉल लावला. तिनं घेतला. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून धरलं — फोनवर बोलतो तो मी नाही.

तिनं वाचलं. चेहरा उतरला. तोंडावर हात गेला. वाटलं, सुटलो.

तेवढ्यात तिच्या शेजारी ठेवलेला आईचा फोन वाजला. तिनं तो कानाला लावला. ऐकत राहिली. माझ्याकडे बघत ऐकत राहिली. हळूहळू तिचे डोळे बदलले. तिकडून माझ्या आवाजानं काय सांगितलं ते तिच्याच तोंडून कळलं. हल्ली फसवणारे लोक खोटा चेहरा बनवून व्हिडिओ करतात म्हणे. आवाज ओळखीचा असेल तरच विश्वास ठेव म्हणे.

कॅमेऱ्याकडे बघून तिनं विचारलं, "कोण आहेस तू?"

मी मान हलवत राहिलो. हात जोडले. तिनं फोन ठेवला. आता माझा नंबर तिच्याकडे लागत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

राणीचं विमान दुपारचं. तिकीट आधीच काढलेलं आहे, ती येणार हे नक्की. चांगी विमानतळावर जाऊन उभा राहिलो. हातात पाटी नाही, काही नाही. नुसता उभा.

ती बाहेर आली. मला बघून थबकली. दोन पावलं मागे गेली. तिचा फोन वाजला. तिनं घेतला, आणि मी समोर तोंड मिटून उभा असताना तिच्या कानात माझा आवाज बोलत होता. मला दिसत होतं तिला कळताना. फोन तिच्या हातातून सुटला.

मग येऊन माझ्या गळ्यावर हात ठेवला. खूप वेळ. म्हणाली, "बोल ना रे. एकदा बोल."

१२ एप्रिल, शनिवार

राणीला सगळं लिहून सांगितलं. तिनं डायरीही वाचली. ती म्हणते, आवाज नेलाय तर परत मागायचा. तिनं आयुष्यात कधी हार मानली नाही, आईच्या नकारापुढे नाही, कशापुढेच नाही. मी लिहिलं — त्या सेटवर बोलायचं नाही. पुन्हा लिहिलं. अधोरेखित केलं. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला.

दुपारी

पाणी आणायला खाली दुकानात गेलो होतो. परत आलो तर ती लॉरीत. वायर जोडलेली. दारं आतून बंद. माइक तोंडाशी.

काच ठोकतोय. बघत नाही. डोळे मिटून बोलतेय. रडतेय — आता हसतेय. ऊन मी म्हणतंय, आणि मला ओरडता येत नाही —

नंतर

दार उघडलं तिनं. खाली उतरली. ओठ हलले.

काहीच नाही.

पुन्हा हलले. स्वतःच्या गळ्याला हात लावला. माझ्याकडे बघितलं. मी तिला धरलं. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला. लोक जातायत. एका बाईनं छत्री सावरत आमच्याकडे बघून मान हलवली, नवं जोडपं भांडतंय वाटलं असेल.

लॉरीत ते दोघं बोलतायत. माझा आवाज. तिचा. किती छान बोलतायत. आम्ही असं कधी —

वायर तोडली. अँटेना टपावरून ओढून काढली. बोलतातच आहेत.

आता फक्त तिचा आवाज. आई म्हणून हाक मारतेय. आई, आम्ही दोघं मजेत आहोत गं. तू पण ये ना इकडे. यांनी लॉरीत एक गंमत लावलीय, तुला बोलायला देते —

राणीचा फोन थरथरला. आईंचा मेसेज. किती गोड बोललीस गं आज. तिकीट बघते, लगेच निघते.

राणी टाइप करतेय. येऊ नकोस. येऊ नकोस. आईंचं उत्तर — तू कोण बोलतेस? माझी मुलगी आत्ता फोनवर आहे माझ्याशी. आईंनी नंबर बंद —

दामल्यांना सांगायला हवं. त्यांच्या फोनवरून आईंना —

सुबोधराव खाली आलेत. लॉरीशी उभे. आतून माझा आवाज त्यांना नावानं बोलावतोय, म्हणतोय, या ना, जरा बघा हे. ते हसले. दाराला हात — राणी धावली — माइक त्यांच्या हातात —