आहेराची गाय

यवत, ता. १२ जून २०२५

तीर्थस्वरूप दादास, धाकट्या तुळजाचा शि. सा. न. वि. वि. इकडं सगळं खुशाल हाय असं लिहायला हात धजत न्हाई.

विक्रमच्या लग्नात तू आहेर दिलेली चंद्री मजेत हाय, बादलीभर दूध देते. पर आमची तांबू तापानं गेली आन् दुसरी जर्सी चारा सोडून बसलीय. सून सणसवाडीत भाड्याच्या खोलीत वाढलेली, तिनं गोठा कवा बघितलावता? ती उंबरठ्यात आली आन् गोठा बसला. मी गप बसणारी न्हाई, तुला ठावं हाय. डेअरीत दूध घालताना चार बायांसमोर बोलले, स्नेहलचा पायगुणच वाईट. ती मागंच उभी होती. कॅन तिथंच ठेवला आन् माहेरची बस धरली.

विक्रम माझ्याशी बोलत न्हाई, सोडचिठ्ठीची गोष्ट निघालीय. फोनवर रडू येतं म्हणून लिहिते. तू मामा हायेस, त्याला समजाव.

माया कमी करू नको.
तुझी तुळजा

पाबळ, ता. १७ जून

चि. सौ. तुळजास, पोपटदादाचे अनेक आशीर्वाद. पत्र वाचलं.

आईनं लहानपणीच तुझ्या जिभेला मिरची लावायला हवी होती, असं लिहिणार होतो. पर आधी माझं ऐक. चंद्रीला गेल्या उन्हाळ्यात गोचीड ताप आलावता. सुया दिल्या, उठली, मी समजलो बरी झाली. आहेरात आजाराचं कोण सांगतं? झूल घातली, शिंगं रंगवली आन् टेम्पोत चढवली. तूही कुंकू लावून थेट तुझ्या गाईंच्या दावणीला बांधलीस. भावाचा आहेर कोण तपासून घेतं?

डॉक्टरांकडून आजारी गाईचं रक्त तपासून घे, आन् चंद्रीचंही. तिच्या तब्येतीला फसू नको. लाजेनं मान वर होत न्हाई, पर पोरीवर बालंट येत असताना मला गप बसवंना.

रागाव, पर तोडू नको.
पोपट

यवत, ता. ६ जुलै

ती. दादास, शि. सा. न.

जर्सीच्या रक्तात गोचीड तापाचे जंतू लगेच दिसले. चंद्रीचं रक्त पुण्याला पाठवलं, तिच्यातही निघाले, दबून बसलेले. डॉक्टर म्हणाले, अशी गाय वरून ठणठणीत दिसते, पर तिच्या अंगावरची गोचीड दुसरीला चावली की ताप पसरतो. जर्सी आता रवंथ करतीय. चंद्रीला वेगळी बांधली, तिचा काय गुन्हा?

मी साडी-पेढे घेऊन सणसवाडीला गेले. स्नेहलनं पाणी दिलं, पाया पडली, आन् पिशवी परत हातात ठेवली. म्हणाली, आई, इथं माफी नको, जिथं बोललात तिथं बोला. येताना बसमध्ये आधी राग आला. मग नुसती लाज उरली.

काल डेअरीत सगळ्यांसमोर सांगितलं, की ताप रक्तात होता, माझ्या भावाच्या आहेरातून आला, आन् सुनेच्या पायाचं नाव घेतलं ते माझं पाप. तुझं नाव निघालं, माफ कर. दूध मोजणारा पप्पू मोजायचा थांबला. बाया खाली बघत राहिल्या, त्या दिवशी त्यांनीच माना डोलावल्या होत्या.

विक्रम सकाळीच स्नेहलला घेऊन आलावता, ती त्याच्याबरोबर डेअरीच्या दारात उभी होती. पुढं आली, रिकामा कॅन उचलला आन् घराकडं चालू लागली. मी तिच्या मागं मागं गेले.

लोभ मागायला तोंड न्हाई, तरी मागते.
तुळजा