डब्या दुकानात पाठवू नकोस

वहिनी,

आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतेय. तू घरी बनवलेलं क्रीम लावून लावून तिच्या पापण्या सुजल्यात. भाजी चिरून ठेवलीय, तेवढी शिजव. क्रीमच्या उरलेल्या डब्या दुकानात पाठवू नकोस. उघडून बघ, कडेला बुरशी धरलीय.

गिऱ्हाइकं रसायनाच्या नावाला घाबरतात म्हणून तू ईडीटीए वगळलंस. अगं, ते पाण्यातले धातू बांधून ठेवतं, म्हणून क्रीम टिकायला मदत होते. नियमात ठरलेल्या प्रमाणात ते चालतं, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. दिवसभर लॅबमध्ये हेच तपासते, पण घरी विचारतंय कोण! आता भांडायचंही त्राण नाही.

आईवर मात्र चिडू नकोस. क्रीमचा कुबट वास तिला पहिल्याच दिवशी आला होता. सुनेचं मन मोडायला नको म्हणून गुपचूप लावत राहिली.